ग्राफिक्स कार्ड तापतंय की नुसता आकडा तापतोय? टेंपरेचर आणि फॅनचं रीडिंग तपासायची सोलापुरी पद्धत

सगळ्यात आधी खोलीतलं तापमान दाखवणारा एक स्वस्तातला थर्मामीटर आणा आणि कॅबिनेटच्या शेजारी ठेवा. सॉफ्टवेअर नंतर, ड्रायव्हर (विंडोज आणि कार्डची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) नंतर, चिपवरची थर्मल पेस्ट-बिस्ट तर लईच नंतर. नेटवर "कार्ड ६५ च्या वर जाऊ देऊ नका" सांगणारे जे व्हिडिओ असतात ते बहुतेक एसीच्या खोलीत नाहीतर थंड देशात बसून केलेले असतात, आणि आपण इथं मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून तोच आकडा गाठायला बघायलोय, कसं जमणार ओ? कार्डचा पंखा काही हवा थंड करत नाही, खोलीत जी हवा आहे तीच उचलून हीटसिंकवर, म्हणजे चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर मारतो, त्यामुळं कार्ड खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही आणि लोडवर, म्हणजे गेमसारखं जड काम चालू असताना, किती तापणार हे अर्धं खोलीवरनंच ठरतं.

म्हणून आकडा वाचायचा तो "खोलीपेक्षा किती वर" असा वाचायचा. समजा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, रात्री खोलीत २३ आहे आणि गेम खेळताना कार्ड ६६ दाखवतंय, म्हणजे ४३ नी वर. तेच कार्ड, तोच गेम, मे मध्ये खोलीत ४० असताना ८३ च्या जवळपास जाणार, पंखा जरा जोरात फिरून दोनचार डिग्री वाचवेल तेवढंच. यात बिघाड काहीच नाही. पण खोलीत २३ असताना जर ८३ दिसत असेल तर मात्र कुठंतरी पाणी मुरतंय, आणि पुढचं सगळं त्यासाठी आहे.

कुठला आकडा कशाचा, हे एकदा समजून घ्या

नवीन माणूस इथंच गडबडतो. कार्डवर टेंपरेचर एक नसतं. पहिला जीपीयू टेंपरेचर, म्हणजे कार्डवरच्या मुख्य चिपचा साधारण आकडा, यालाच कोअर पण म्हणतात, आणि एएमडीमधी (एन्व्हिडिया आणि एएमडी या चिप बनवणाऱ्या दोन कंपन्या) याला एज म्हणतात. दुसरा हॉट स्पॉट, म्हणजे चिपवर पसरलेल्या बऱ्याच सेन्सरांपैकी जो सगळ्यात गरम असेल त्याचा आकडा, एएमडीवाले याला जंक्शन म्हणतात. तिसरा मेमरीचा, तो सगळ्या कार्डांवर दिसत नाही. हॉट स्पॉट नेहमी कोअरपेक्षा जास्तच असणार, १०-१५ डिग्रीचा फरक एकदम नॉर्मल. कोणीतरी हॉट स्पॉट ९२ बघतो आणि घाबरतो, तर कोणी कोअर ७५ बघून निवांत बसतो आणि हॉट स्पॉट तिकडं १०८ वर असतो.

लिमिट किती ते कुठलं कार्ड आहे त्यावर आहे. आरटीएक्स ३०६० ला एन्व्हिडियानं कमाल ९३ दिलंय, आरटीएक्स ४०६० ला ९०, जुन्या जीटीएक्स १०६० ला ९४. एएमडीनं २०१९ मध्ये आरएक्स ५७०० सीरिज आल्यावर स्वतःच सांगितलं होतं की जंक्शन ११० पर्यंत जाणं हे आमच्या हिशोबातलंच आहे. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वर जी जीडीडीआर६एक्स मेमरी आहे ती ११० ला पोचली की कार्ड स्वतः स्पीड कमी करतं. आणि आरटीएक्स ५० सीरिजवाल्यांनो, तुम्हाला सॉफ्टवेअरमधी हॉट स्पॉट दिसत नसेल तर शोधत बसू नका, एन्व्हिडियानं तो आकडा बाहेर दाखवणंच बंद केलंय.

फॅनचे पण आकडे दोन, आणि अर्धा लेख या एका गोष्टीसाठी लिहिलाय म्हटलं तरी चालेल. एक टक्क्यात असतो, एक आरपीएममधी, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या. टक्का म्हणजे कार्डनं पंख्याला दिलेला हुकूम, आरपीएम म्हणजे पंख्यानं दिलेला जवाब. हुकूम ८० टक्के आणि जवाब शून्य असं असेल तर पंखा मेलाय किंवा त्याची वायर सुटलीय. एन्व्हिडियाच्या स्वतःच्या टूलच्या माहितीत पण सरळ लिहिलंय की हा टक्का म्हणजे जो स्पीड ठेवायचा इरादा आहे तो, पंखा अडकलेला असेल तर खरा स्पीड वेगळा असू शकतो. म्हणून नुसता टक्का बघून "फॅन तर चालू आहे की" म्हणायचं नाही.

आकडे कुठं बघायचे

पटकन बघायचं असेल तर टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समधी जीपीयूवर जा, खाली टेंपरेचर दिसेल. ही सोय विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटपासून आलीय, आणि वेगळं कार्ड असेल तरच दिसतं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला नाही. पण यात फॅनही नाही आणि हॉट स्पॉटही नाही, त्यामुळं नुसती नाडी बघायला ठीक.

खऱ्या तपासणीला एचडब्ल्यू-इन्फो टाका, फुकट आहे. उघडताना सेन्सर्स ओन्लीवर टिक करून स्टार्ट करा, लांबलचक यादी येईल, घाबरू नका, खाली सरकत जाऊन तुमच्या कार्डचं नाव असलेला भाग शोधा. तिथं चार रकाने असतात, आत्ताचा आकडा, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. आपल्याला जास्तीत जास्तचा रकाना कामाचा, कारण गेम मिनिमाइज करून इकडं येईपर्यंत कार्ड पाचदहा डिग्री उतरलेलं असतं. गेम सुरू करायच्या आधी खालचं घड्याळाचं बटण दाबून जुने आकडे पुसून घ्यायचे, नाहीतर सकाळचाच मॅक्झिमम संध्याकाळपर्यंत घेऊन बसाल.

जीपीयू-झेड पण छान आहे, त्यात एन्व्हिडियाचं कार्ड असेल तर सेन्सर्सच्या टॅबवर परफकॅप रीझन नावाची एक ओळ असते, कार्डचा स्पीड कशामुळं अडलाय ते ती सांगते. तिथं थर्मल आलं तर उष्णतेमुळं अडलंय, पॉवर आलं तर ते रोजचंच आहे, काळजी नको. आकडा ८२ आहे पण थर्मल एकदाही येत नाही, तर झोपा निवांत.

एन्व्हिडिया असेल तर अजून एक चीज कॉम्प्युटरमधी आधीपासूनच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत एन्व्हिडिया, डॅश, एसएमआय असं मधे स्पेस न देता टाइप करा, त्यापुढं स्पेस, डॅश क्यू, स्पेस, डॅश डी, स्पेस, आणि कॅपिटल अक्षरांत टेंपरेचर. कार्ड स्वतःच सांगतं की स्पीड कमी कधी करणार आणि बंद कधी पडणार. नवीन कार्डांत हेच "लिमिटपासून अजून किती डिग्री बाकी" अशा पद्धतीनं येतं, त्यामुळं आकडा लहान किंवा मायनसमधी दिसला तर दचकू नका.

एक सांगतो, ही सगळी सॉफ्टवेअरं एकदम चालू ठेवायची नाहीत. दोन-तीन जण एकाच सेन्सरला एकाच वेळी विचारायला लागले की मधेच शून्य, मधेच भलताच आकडा, असा गोंधळ होतो. एक चालू, बाकी बंद.

आता पायरीपायरीनं

पहिली पायरी: आकडा खरा आहे का. रात्रभर पीसी बंद ठेवा, सकाळी चालू करून पहिल्या मिनिटातच कार्डचं टेंपरेचर बघा आणि शेजारच्या थर्मामीटरशी ताडून बघा. खोलीपेक्षा पाच-दहा डिग्री वर असेल तर सेन्सर शहाणा आहे. खोलीत ३४ आणि कार्ड २१ दाखवतंय तर ते खोटं बोलतंय, मग त्यावर विश्वास ठेवून बाकी काही करण्यात अर्थ नाही. तसंच २५५ किंवा मायनसमधला आकडा दिसला तर कार्डाला आग लागलेली नसते, सेन्सरनं उत्तरच दिलं नाही की सॉफ्टवेअर असलं काहीतरी छापतं, २५५ हा आठ बिटांत बसणारा सगळ्यात मोठा आकडा आहे एवढंच. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाका, नाहीतर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधी बघा, दोन्हीकडं तेच आलं तर मग विचार करू.

आणि ती लेझरची टेंपरेचर गन घेऊन हीटसिंकवर मारून "सॉफ्टवेअर ८० म्हणतंय पण गन ४५ म्हणतीय" असं करू नका. चकचकीत धातूवर ती गन चुकीचंच दाखवते, आणि चिप तर हीटसिंकच्या खाली आहे, तिथंवर लेझर पोचतोच कुठं.

आकडा एकाच जागी चिकटून बसलाय, गेम लावला तरी ४७ चा ४७, असं झालं तर पहिल्यांदा पीसी स्लीपमधनं उठवला होता का ते आठवा. एप्रिल २०२५ मध्ये एन्व्हिडियाच्या ५७६.०२ ड्रायव्हरनं अगदी हाच घोळ घातला होता, स्लीपमधनं उठल्यावर टेंपरेचरचं रीडिंग थांबायचं आणि ज्यांनी त्या आकड्यावर फॅनचा स्पीड बांधला होता त्यांचे पंखे त्या जुन्या आकड्यावरच रेंगाळायचे. मग कंपनीनं ५७६.१५ नावाचा हॉटफिक्स, म्हणजे तातडीनं दुरुस्त केलेला ड्रायव्हर काढला. असलं आधीपण झालंय, मार्च २०१० मध्ये एन्व्हिडियाला १९६.७५ ड्रायव्हर फॅनच्याच कारणावरनं मागं घ्यावा लागला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरनं काही कार्डांचे पंखे कमी स्पीडवर अडकवून ठेवले होते. तेव्हा "काल ड्रायव्हर अपडेट केला आणि आज तापायलंय" असं असेल तर पेचकस हातात घ्यायच्या आधी ड्रायव्हर बदलून बघा. डीडीयू नावाचं टूल येतं, विंडोज सेफ मोडमधी नेऊन त्यानं जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा आणि आधी जो नीट चालत होता तो परत टाकायचा.

दुसरी पायरी: पंखा बंद दिसतोय तो बंदच असायला पाहिजे का. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. "दादा, नवीन कार्ड आणलंय, पंखेच फिरेनात." फिरणार नाहीत बे, डेस्कटॉपवर नुसतं बसल्यावर कशाला फिरतील. आजकालच्या बहुतेक कार्डांत झिरो आरपीएम असतं, साधारण ५०-६० च्या खाली पंखे पूर्ण बंद, त्याच्या वर गेलं की सुरू. म्हणून आधी थोडा लोड द्या, फरमार्क (कार्डला मुद्दाम ताण देणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) लावा किंवा कुठलाही जड गेम लावा, आणि ६५ पर्यंत वाट बघा. तिथंही फिरले नाहीत तर लोड लगेच बंद करा आणि तिसऱ्या पायरीवर जा.

पण आपल्याकडं याच्यात एक वेगळीच गंमत होते जी पुण्या-मुंबईच्या एसीत बसलेल्याला कळणार नाही. एप्रिलमधी दुपारी खोली ३९ वर असते, कार्ड काही न करता ५२-५५ वर बसलेलं असतं, म्हणजे बरोब्बर त्या उंबऱ्यावर. मग पंखा सुरू होतो, दोन डिग्री उतरतं, बंद होतो, परत चढतं, परत सुरू. दर मिनिटाला घुर्रर्र करून उठतो आणि गप्प बसतो, आणि एचडब्ल्यू-इन्फोमधी आरपीएम शून्य, तेराशे, शून्य, तेराशे असा नाचतो. लोक म्हणतात सेन्सर गेला. सेन्सरला काय झालेलं नाही, उन्हाळ्यापुरतं झिरो आरपीएम बंद करून टाका. एएमडी असेल तर त्यांच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमधी परफॉर्मन्स, मग ट्यूनिंग, तिथं फॅन ट्यूनिंग चालू केलं की झिरो आरपीएमचा स्विच दिसतो. एन्व्हिडिया असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर टाका, कुठल्याही कंपनीच्या कार्डला चालतं, सेटिंगमधी फॅनच्या टॅबवर जाऊन स्वतःचा कर्व्ह (किती टेंपरेचरला पंखा किती टक्के फिरवायचा त्याचा आलेख) चालू करा आणि सुरुवातच ३०-३५ टक्क्यांपासून ठेवा. पंखा सतत हळू फिरत राहील, आवाजही कळणार नाही आणि सारखं चालू-बंद होण्यापेक्षा बेअरिंगलाही बरं. फक्त आफ्टरबर्नर बंद केलं की कर्व्हही गेला, म्हणून विंडोजबरोबर सुरू व्हायची टिक करून ठेवा, आणि कार्डच्या कंपनीचं स्वतःचं फॅनचं सॉफ्टवेअर असेल तर ते काढा, दोन मालक झाले की पंखा कोणाचंच ऐकत नाही.

तिसरी पायरी: पंखे डोळ्यांनी मोजा. आफ्टरबर्नरमधी फॅन स्पीडच्या शेजारचं ऑटो बंद करा, स्लायडर ४० वर, मग ७०, मग १०० वर न्या, दर वेळी अप्लाय करायचं आणि टॉर्च घेऊन साइडनं बघायचं. तीन पंखे असतील तर तिन्ही फिरायला पाहिजेत. हे डोळ्यांनीच का, तर बऱ्याच कार्डांत दोन पंखे एकाच कनेक्टरवर असतात आणि आरपीएमची वायर त्यातल्या एकाचीच जोडलेली असते. जोडलेला पंखा फिरत असेल तर सॉफ्टवेअर तुम्हाला १८०० आरपीएम छान दाखवणार, आणि त्याच्या शेजारचा गडी मेलेला असला तरी कोणाला पत्ता नाही.

बहुतेक पंख्यांना चार वायरी असतात, एक ग्राउंडची, एक १२ व्होल्ट, एक स्पीडचा हुकूम नेणारी आणि एक फेऱ्या मोजून आणणारी. मोजणारी वायर एका फेरीला दोन पल्स देते, कार्ड ते मोजून आरपीएम काढतं. त्यामुळं पंखा डोळ्यासमोर गरागरा फिरतोय पण आरपीएम शून्य, तर पंखा ठीक आहे, ती एक वायर किंवा कनेक्टर ढिला आहे. बाजारातनं दुसरा पंखा आणून बसवलाय आणि आरपीएम अचानक निम्मा किंवा दुप्पट दिसायलाय, तर त्या पंख्याच्या पल्सचा हिशोब वेगळा असणार. उलट हुकूम १०० टक्के, आरपीएम शून्य आणि पंखाही उभा, तर पीसी बंद करून, प्लग काढून, बोटानं पंखा फिरवून बघा. सरसर फिरला आणि हळूहळू थांबला तर बेअरिंग चांगलं, कनेक्टर बघा. खरखर करत लगेच थांबला, किंवा वरखाली डुगडुगतोय, तर बेअरिंग गेलं.

आणि एक मधली अवस्था असते, पंखा ३० टक्क्यावर उठतच नाही पण टिचकी मारली की फिरायला लागतो, जुन्या एम-८० गाडीसारखा ढकलस्टार्ट. हा पंखा आज ना उद्या जाणार. तोपर्यंत कर्व्हची सुरुवात ५० टक्क्यांपासून ठेवून दिवस काढता येतात. ऑईल टाकायचा मोह होतो, आपल्याकडं तर घरोघरी शिलाई मशीनचं नाहीतर मागाचं ऑईल असतंच, पण मागाचं ऑईल जड असतं आणि खोबरेल तर अजिबात नको, धूळ बसून त्याचा चिकटा होतो आणि होता तो पंखाही जाम होतो. शिलाई मशीनच्या पातळ ऑईलचा एक थेंब साध्या स्लीव्ह बेअरिंगला थोडे दिवस जगवतो, पण ती मलमपट्टी आहे. कार्डच्या मॉडेल नंबरावरनं नवा पंखा मागवा, मिळतो.

आकड्यांवरनं दुखणं ओळखायचं

इथपर्यंत पंखे ठीक, रीडिंग खरं, तरी खोलीपेक्षा ५०-५५ नी वर जातंय. आता फुल लोडवर पंधरावीस मिनिटं ठेवा आणि तीन गोष्टी एकत्र बघा: कोअर किती, हॉट स्पॉट त्याच्यापेक्षा किती वर, आणि आरपीएम किती.

पहिली खूण: कोअर आणि हॉट स्पॉट दोन्ही मिळून वर गेलेत, मधला फरक १२-१५ च आहे, आणि पंखे जीव तोडून फिरतायत, तर पेस्टला हात लावू नका, हवेचा प्रॉब्लेम आहे. साइडचं पॅनल काढून तोच टेस्ट परत लावा. पाच-सात डिग्री खाली आलं तर कार्ड निर्दोष, कॅबिनेटमधी हवा कोंडतीय. आपल्याकडं ते लाकडी कॉम्प्युटर टेबल असतं ना, ज्याच्या खालच्या कप्प्यात कॅबिनेट सारून ठेवायचं आणि वर दारही असतं, ते दार आधी काढून टाका. कप्प्यातनं बाहेर काढलं तर अजून चांगलं.

पॅनल काढूनही काही फरक नाही, तर धूळ. आणि सोलापूरची धूळ साधी नसते. पूर्व भागात ज्या घरांत खाली माग चालतात आणि वर राहतात, तिथल्या एका पोराचं कार्ड बघितलं, वरनं पंखे पुसलेले, एकदम चकाचक, पोरगं दर आठवड्याला ब्रश मारायचं. आरपीएम पूर्ण, तरी मागनं हवाच येईना. पंख्यांचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं तर खाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर रुईचा अख्खा थर बसलेला, दाबून दाबून घट्ट झालेला, चिमटीत धरून ओढला तर टॉवेलच्या तुकड्यासारखा एका पीसमधी निघून आला. मागाची तूस हवेत तरंगत येते, पात्यांच्या मधनं आत जाते आणि पट्ट्यांच्या फटीत अडकते, पंख्यावर थांबतच नाही. त्यामुळं वरनं ब्रश मारून समाधान होतं, काम होत नाही. माग असलेल्या घरात, गिरणीच्या शेजारी, किंवा टॉवेल-चादरीच्या गोडाऊनजवळ पीसी असेल तर कव्हर काढूनच साफ करायचं, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतनं बारीक नायलॉनची जाळी लावायची जी धुता येते.

साफ करताना: मेनमधनं बटण बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दोनचार सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाला एक खटका असतो तो आधी दाबायचा, नुसतं ओढलं तर स्लॉट तुटतो. हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर चालतो पण पात्यांना बोटानं धरून ठेवा, हवेनं पंखा गरागरा फिरवणं बघायला छान वाटतं पण त्यात तो त्याच्या क्षमतेबाहेर फिरतो आणि उलटी वीजही तयार करतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर कार्ड नेणारे लोक बघितलेत मी, भावा तसं करू नको, त्या हवेत पाण्याचे थेंब येतात आणि प्रेशर एवढं असतं की बारीक पार्ट उडून जाईल. घरचा व्हॅक्युम क्लीनरही नको.

दुसरी खूण: कोअर ७६ आणि हॉट स्पॉट १०४. फरक २५-३० च्या वर गेला म्हणजे चिप आणि हीटसिंक एकमेकांना नीट टेकलेले नाहीत. जुन्या कार्डात पेस्ट सुकलेली किंवा कडेला सरकलेली असते. नव्याकोऱ्या कार्डात हे दिसलं तर उघडू नका, सरळ वॉरंटीत द्या. २०२२ च्या शेवटी आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांत काहींचा हॉट स्पॉट थेट ११० ला जायचा, कूलरच्या आतल्या व्हेपर चेंबरमधी (चिपची उष्णता आतल्या पाण्याच्या वाफेनं पसरवणारी बंद धातूची पेटी) पाणीच कमी भरलेलं निघालं आणि एएमडीनं ते मान्य केलं. तिथं कोणी कितीही भारी पेस्ट लावली असती तरी काय उपयोग होता.

जुन्या कार्डाला पेस्ट बदलायची असेल तर आधी स्क्रूंचा आणि पॅडांचा फोटो काढा. पेस्ट सोपी आहे, घोळ होतो तो थर्मल पॅडांत. मेमरीवर जे मऊ पॅड असतात त्यांची जाडी ठरलेली असते, १ मिलिमीटरच्या जागी २ चा लावला तर हीटसिंक वर उचलला जातो आणि चिपवर टेकतच नाही, मग मेमरी थंड आणि कोअर १०० वर. जुना पॅड न फाटता निघाला तर तोच परत बसवा. कव्हर उचलताना हळू, पंख्याची वायर आखूड असते आणि तिचा कनेक्टर नाजूक.

तिसरी खूण मेमरीची, कोअर ७० आणि मेमरी १०६, तर पॅडच. आणि चौथी म्हणजे गेम चालू असताना स्क्रीन काळी, पंखे एकदम फुल, पीसी मात्र चालूच. लोक याला गरम झालं म्हणतात पण लॉग बघितला तर शेवटचा आकडा ७२ असतो. कार्डशी संपर्क तुटला की पंखे सुरक्षा म्हणून फुल होतात, तेव्हा इथं पॉवरच्या वायरी, कनेक्टर आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) तपासा. संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं त्या वेळेलाच हे होत असेल तर अजूनच.

लॉग कसा काढायचा, तर एचडब्ल्यू-इन्फोत खाली कागदावर प्लसचं चिन्ह असलेलं बटण आहे, दाबलं की सगळे आकडे एका सीएसव्ही फाइलमधी जात राहतात, पीसी बंद पडला तरी त्याच्या आधीपर्यंतचे आकडे बहुतेक वेळा शिल्लक राहतात. वॉरंटीला देताना ही फाइल आणि खोलीचं टेंपरेचर लिहून द्या, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाले एसीत अर्धा तास चालवून "नो प्रॉब्लेम" म्हणून परत पाठवतात आणि जायचा-यायचा कुरियरचा खर्च तुमच्या डोक्यावर.

सगळं ठीक आहे पण उन्हाळाच आहे, तर

पॉवर लिमिट कमी करा. आफ्टरबर्नरमधी १०० चं ८० करा, गेममधी थोडाच फरक पडतो पण टेंपरेचर चांगलं उतरतं, कारण शेवटच्या थोड्या स्पीडसाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज खातं. गेममधी फ्रेमला ६० ची मर्यादा घाला, मॉनिटरच ६० चा असेल तर १४० फ्रेम काढून खोली गरम करण्यात काय मजा. कूलर असेल तर खोलीत जरूर लावा पण त्याचं तोंड कॅबिनेटवर नको, ओली हवा आणि कूलरचे उडालेले थेंब आत गेले की कनेक्टरवर पांढरी खार धरते, आणि आपल्या बोअरच्या पाण्याला खार किती ते बादलीला विचारा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडंसं

एएमडी असेल तर सेन्सर्स कमांडमधी एज, जंक्शन आणि मेम असे तिन्ही आकडे सरळ येतात. फाइलमधनं वाचत असाल तर आकडा हजारपटीत असतो, ४५००० म्हणजे ४५ डिग्री. एन्व्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकलाय आणि सेन्सर्समधी कार्डच नाही, तर बिघाड नाही, त्याचे आकडे वर सांगितलेल्या एसएमआयमधनंच घ्यायचे.

लॅपटॉपवाल्यांनी

बरेच लॅपटॉप फॅनचा आरपीएम दाखवतच नाहीत, कारण पंखा ग्राफिक्स कार्डच्या ताब्यात नसतो, बोर्डावरच्या वेगळ्या कंट्रोलरच्या ताब्यात असतो. एसएमआयमधी फॅनच्या जागी एनए दिसतं ते त्यामुळं. आणि वेगळं कार्ड काम नसताना झोपतं, तेव्हा टेंपरेचर शून्य किंवा रिकामं दिसतं, गेम लावला की येतं. उलट सारखं सॉफ्टवेअर उघडं ठेवून आकडे विचारत बसलात तर ते झोपणारच नाही आणि बॅटरी उतरेल. लॅपटॉपमधी कोअर ८५ हे मे महिन्यात रोजचंच आहे, मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून ठेवली की खालनं हवा घ्यायला जागा होते आणि काही डिग्री तिथंच कमी होतात. आणि गादीवर, चादरीवर ठेवून गेम खेळायचा नाही, आपली सोलापुरी चादर तर एवढी जाड की खालच्या जाळ्या पूर्ण बंद होतात.